सुखरूप पोचलो

बाबांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस बुधवार होता, आणि त्या दिवशी त्यांनी माझी भरपूर थट्टा करून घेतली.

वाचनालय बंद करून मी नेहमीसारखी बसनं टेकडी चढून आले. दार लोटलेलंच होतं. बाबा खिडकीपाशी टेबलावर वाकून बसले होते. एका हातात चिमटा, दुसऱ्यात भिंग, नाकाच्या टोकावर चष्मा. डोळ्यांना मदत करणारं घरातलं सगळं सामान एकदमच कामाला लावलेलं.

"आलीस, हेस्टर? किटली ठेव आणि हे ऐक." त्यांनी एक कार्ड उजेडात धरलं. "'सुखरूप पोचलो. छत्री गाडीत राहिली. एडिथ मावशी जाड झाली आहे. आर्थर.'"

"मग?"

"मग काय? संपलं."

"बाबा, एवढ्या वर्षांत हे कार्ड कुणी फेकून कसं दिलं नाही?"

"छत्रीसाठी," बाबा म्हणाले. "ती सापडली की नाही ते कळल्याशिवाय कुणाला फेकवेना."

दुसऱ्यांच्या संग्रहात दुर्मिळ तिकिटं असतात. राणी व्हिक्टोरियाचं ते जगातलं पहिलं तिकीट, काळी पेनी, असतं, एखादं चुकून उलटं छापलेलं असतं, एखादं कडेचे दाते न पाडलेलं असतं. बाबांच्या वह्यांत होती एडवर्ड राजाच्या वेळची चित्रांची कार्डं, त्यांवर अर्ध्या पेनीचं हिरवं तिकीट, आणि मजकुरात कुणीतरी कुठेतरी धडपणे पोचलेलं. फायलीला, ब्लॅकपूलला, स्कारबरोला, अशा समुद्रकाठच्या गावांना. भांडण, प्रेम, मृत्यू असं काही लिहिलेलं कार्ड हाताला लागलं तर बाबा ते दुसऱ्याला देऊन टाकायचे. गावातल्या तिकीट मंडळात त्यांनी एकदा ही कार्डं मांडली होती, तेव्हा निम्मे सभासद झोपले आणि उरलेल्यांनी चहाच्या पिंपावरून नजर हलवली नाही. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. "झोप लागली म्हणजे त्यांच्या जिवाला घोर नव्हता," ते म्हणाले. "माझ्या कार्डांचा मुद्दाच तो आहे."

आम्ही हॅम खाल्लं, पाव-लोणी खाल्लं, डब्यातले पीच खाल्ले. खाताना बाबा मला समजावत होते की, आधी कार्डाची एक अख्खी बाजू नुसती पत्त्याला द्यावी लागायची. मजकूर लिहायचा तर चित्राच्या कडेनं, समुद्रात नाहीतर आभाळात. मग एकोणीसशे दोन साली टपालखात्यानं मागची बाजू मधोमध रेघ मारून वाटून दिली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता.

"तुझी मात्र त्या वाटणीनं पंचाईत झाली असती," बाबा म्हणाले. "उजवी बाजू भरली असतीस सुरेख अक्षरात. डावीकडे काय लिहिणार? तुझ्या तोंडून दोन वाक्यं काढायची तर पिकल्सला बोलवावं लागेल, सांडशी घेऊन."

मिस्टर पिकल्स म्हणजे बाबांचे मंडळातले मित्र, निवृत्त दंतवैद्य.

निघताना ते फाटकापर्यंत आले. घरी पोचल्यावर मी नेहमीसारखी त्यांच्या फोनची घंटा तीनदा वाजू दिली आणि ठेवून दिला. उचलायचा नाही असं ठरलेलंच होतं. हेस्टर पोचली एवढं कळायचं आणि पैसे पडायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवरचं दूध आत गेलं नाही, म्हणून शेजारच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं. बाबा खुर्चीत होते. त्यांना कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं सांगत असणार. तरी ऐकायला बरं वाटतं.

*

घर कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं भाड्याचं होतं आणि महिनाअखेर किल्ली परत द्यायची होती. त्यामुळे दफनानंतरच्या रविवारी आम्ही सगळे आवराआवरीला जमलो. माझा भाऊ कीथ, त्याची बायको मॉरीन, बाबांची थोरली बहीण एनिड आत्या, आणि मी. मिस्टर पिकल्स जेवणानंतर यायचे होते, बाबांच्या वह्या फोडायला.

आमच्याकडच्या तिकीटवाल्यांची ही रीतच आहे. सभासद गेला की मंडळाचा माणूस त्याच्या घरी येतो, संग्रह मोकळा करतो, एकेक कार्ड छोट्या पुस्तिकांत चिकटवतो आणि त्या पुस्तिका एका चपट्या पेटीत घालतो. मग ती फिरती पेटी सभासदांच्या घरोघर जाते. ज्याला जे आवडेल ते तो काढून घेतो आणि पेटी पुढच्या घरी पोचवतो. यात कुणी वाईट मानत नाही. बाबांच्या स्वतःच्या वह्यांतही गेलेल्या कितीतरी सभासदांची कार्डं होती, आणि पानं उलटताना ते "हा बिचारा वॉल्टर" असं म्हणून त्या कार्डाला हलकीच टिचकी मारायचे.

तर बाबांचीही अशी वाटणी होणार होती, आणि मला ती नको होती. मला त्या वह्या हव्या होत्या. अशाच, सगळ्याच्या सगळ्या. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

सांगण्यात अडचण होती ती माझ्या ख्यातीची. आई गेली तेव्हा "मला काही नको" असं मी म्हणाले. घड्याळ कीथकडे गेलं, निळ्या फुलांचा टी-सेट आत्याकडे. तेव्हापासून घरात मी कशाचीच गरज नसलेली बाई म्हणून ओळखली जाते. अशी ख्याती एकदा झाली की ती सांभाळण्यातच माणसाचा जन्म जातो.

मॉरीननं त्या दिवशी माझ्याबद्दल काय विचार केला ते तिनं मला पुढे स्वतःच सांगितलं. ती दिवाणखान्यात वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होती, आणि मी कपाटातले बाबांचे सदरे घड्या घालून पिशवीत भरत होते, वाचनालयात परत आलेली पुस्तकं लावावीत तशी. मॉरीनला वाटलं, ही बाई आहे की फळी? स्वतःचा बाप गेल्यावर मॉरीन आठवडाभर अंथरुणातून उठली नव्हती आणि त्याचा तिला अभिमान होता.

"हेस्टर, यातला एखादा सदरा ठेवतेस का?" तिनं विचारलं.

"माझ्या मापाचे नाहीत," मी म्हणाले.

आत्या खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाली, "मापाचे त्यालाही नव्हते. तुझ्या बाबांची, विल्फची, मान बघितलीस ना? गळपट्टीत वाटाणा ठेवल्यासारखी."

"आत्या, निदान आज तरी!" कीथ जिन्यावरून ओरडला.

"आज का नको? तो असता तर मला म्हणाला असता, तुझ्या मानेला तर गळपट्टीच सापडत नाही. म्हणाला असता की नाही?"

म्हणाले असते.

तेवढ्यात मिस्टर पिकल्स आले, बगलेत चपटी पेटी घेऊन. टोपी काढून ते दारातच उभे राहिले आणि त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला.

"मिसेस बूथ. दाढा कशा आहेत?"

"तुम्ही काढल्या त्या सुखात असतील. उरलेल्या तुमच्या आठवणीनं ठणकतात."

"विल्फ म्हणायचा, एनिडच्या तोंडातून दात काढणं सोपं, शब्द थांबवणं अवघड."

"हो, आणि तुमच्याकडे दोन्हीसाठी एकच हत्यार होतं."

मॉरीननं त्यांना बसायला जागा केली. टेबलावर बाबांच्या वह्या ओळीनं रचलेल्या होत्या. मिस्टर पिकल्सनी पहिली उघडली आणि पहिल्या पानावरची कार्डं एकेक करून वाचली.

"देवा रे," ते अखेर म्हणाले. "सगळे पोचलेच की हो."

"एकही हरवला नाही?" कीथनं विचारलं.

"या पानावर तरी नाही. इथे एकाची टोपी उडाली आहे, तेवढंच." त्यांनी चष्मा पुसला. "विल्फला मी किती सांगितलं, एखादं चांगलं तिकीट घे. एखादं राणीचं, जुनं. तो म्हणायचा, आपल्या तिकिटांवर देशाचं नाव नसतं, जगात आपण एकटेच तसे. राजाराणीचं तोंड बघून देश ओळखा म्हणतो. मग आणखी भाव कशाला खायचा?"

"म्हणूनच त्यानं दारावर पाटी लावली नाही कधी," आत्या म्हणाली. "तोंड बघून ओळखा. आणि ओळखत कुणी नव्हतं. निम्म्या वेळा त्याचं दूध शेजारच्या दारात."

सगळे हसले. मीही हसले. मिस्टर पिकल्सनी पेटीतून कोऱ्या पुस्तिका काढल्या आणि चिमटा पुसून ठेवला.

"घरातल्या कुणाला यातलं काही ठेवायचं असेल तर आधी सांगा हं. विल्फला मी विचारलं होतं मागे. तो म्हणाला, कुणालाच नकोत. कीथकडे जागा नाही, आणि हेस्टरला कशाचंच काही वाटत नाही." ते गडबडले. "म्हणजे हाव नाही, अशा अर्थानं. कौतुकानं म्हणाला तो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, तोंडापर्यंत आलंही होतं.

"चहा टाकते," मी म्हणाले.

"तू बस," आत्या म्हणाली. "मी टाकते. मला इथे कुणी कामाला लावत नाहीये. सकाळपासून खुर्चीत बसवलंय, जसं काही माझंही आवरून न्यायचंय."

*

आत्याला मदत करायची होती. तेवढाच तिचा गुन्हा.

ती स्वयंपाकघरात गेली. फळीवर, बिस्किटांच्या डब्याशेजारी, बुटांचं एक खोकं होतं. उघडून पाहिलं तर सुटी कार्डं, बाबांनी अजून वहीत न लावलेली. आत्यानं एक उचललं. हिरवं तिकीट, त्यावर राजाची दाढी. तिनंच मला नंतर सांगितलं, तिला एकदम आठवलं की, लहानपणी आजोबांच्या गिरणीतून रद्दीतले लखोटे यायचे, आणि ती आणि विल्फ अंगणात बसून तिकिटं सोडवायची. भांडं आत्या धरायची. पाणी कोमट हवं, घाई करायची नाही, तिकीट आपणहून सुटून वर येऊ द्यायचं. विल्फ पाण्यात नाक बुडेपर्यंत वाकायचा. आलं, एनिड, आलं बघ! मग ती टिपकागदावर पालथी घालायची. एकसारखा शिंकणारा, सतत आजारी असलेला तो पोरगा त्यावेळी तासन्‌तास शिंकायचा नाही.

आत दंतवैद्य चिमटा घेऊन बसलाय, आत्याला वाटलं, आणि विल्फचं खरं काम ज्याला येतं ते माणूस इथे चहा करतंय.

तिनं मोरीतलं भांडी घासायचं घमेलं पुसलं, किटलीतलं पाणी ओतलं, थंड मिसळलं, किती ऊन आहे ते कोपरानं पाहिलं. आणि खोकं त्यात रिकामं केलं.

चहा येईना म्हणून मॉरीन बघायला गेली. ती दारात थबकली. मग वळून अगदी हळू आवाजात म्हणाली, "कीथ. इकडे ये. तू एकटाच ये."

अर्थातच आम्ही सगळे गेलो.

घमेल्यात समुद्रकिनारे तरंगत होते. धक्के, बँडचे मंडप, गाढवांवर बसलेली मुलं. हिरवी तिकिटं सुटून काठाला जमली होती. आणि पाणी जांभळं झालं होतं, गडद, श्रीमंत जांभळं. तेव्हाचे लोक बरेचदा खोडरबरानं न जाणाऱ्या पेन्सिलीनं लिहायचे. तिचं अक्षर कोरडं असताना राखाडी असतं, पाणी लागलं की जांभळं होतं आणि वाहून जातं. कार्डांवर आता कुणीच पोचलेलं नव्हतं.

"बघा," आत्या म्हणाली. बाह्या वर केलेल्या, गाल लाल, दहा वर्षांनी लहान दिसत होती. "किती स्वच्छ निघाली. एकही फाटलं नाही. आता तुम्ही कार्डं कार्डांत लावा, तिकिटं तिकिटांत."

मिस्टर पिकल्सचा चेहरा पडला. मग त्यांनी एक ओलं कार्ड उचललं.

"मिसेस बूथ," ते फार मऊपणे म्हणाले, "टपालाचा शिक्का असतो ना, तो निम्मा तिकिटावर बसतो आणि निम्मा कार्डावर. कुठून निघालं, कधी निघालं, ते दोन्ही मिळून सांगतात. वेगळी केली की..."

"की काय?"

"दोघंही मुकी."

आत्यानं घमेल्याकडे पाहिलं. तिचे हात पाण्यातच राहिले. "पण आम्ही असंच करायचो," ती म्हणाली. "मी आणि तो."

मी तिच्याकडे जायला हवं होतं. माझ्याआधी मॉरीन गेली. टी-सेट आत्याला मिळाला म्हणून इतकी वर्षं नाताळाला तिच्याशी तुटक बोलणारी मॉरीन. तिनं टॉवेल घेतला, आत्याचे हात बाहेर काढून एकेक बोट पुसलं, आणि मिस्टर पिकल्सना म्हणाली, "दुर्मिळ होती का हो?"

"नाही. तशी अगदीच..."

"महाग होती?"

"छे, छे. त्यातली कुठलीच..."

"मग चेहरा असा कशाला? कुणाची दाढ चुकीची काढली आहे का? आणि काढली असती तर ती पहिलीच असती का?"

"माझी डावीकडची," आत्या टॉवेलात म्हणाली.

"तीच," मॉरीन म्हणाली. "कीथ, आत्याला खुर्ची दे. उभा काय राहिलास लखोट्यासारखा."

*

कीथ खुर्ची द्यायच्या ऐवजी मागच्या अंगणात निघून गेला. कोळशाच्या खोलीच्या आड उभं राहून त्यानं सिगारेट पेटवली. तो हसत होता. जांभळं पाणी आणि पिकल्सचं तोंड! हे बाबांना सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं, आणि तिथेच त्याचं हसू अडकलं.

हे सगळं त्यानं मला फार पुढे, एका लांबच्या बसप्रवासात सांगितलं, खिडकीबाहेर बघत. त्याला त्या वह्या घराबाहेर हव्या होत्या, लवकरात लवकर. जागेचा प्रश्न नव्हता. त्यांच्या माळ्यावर मॉरीनच्या आईचा अख्खा बिछाना मावला होता. प्रश्न बुधवारांचा होता. दर बुधवारी हेस्टर जायची, आणि बाप-लेक त्या कार्डांवर काय काय बोलत असतील, असं त्याला वाटायचं. त्याला घड्याळ मिळालं होतं. घड्याळ चालू होतं, पण ते कुणाशी बोलत नव्हतं. आणि हेस्टर, जिला सगळं मिळालं, ती सांगत फिरणार की मला काही नको.

तो आत आला तेव्हा त्यानं ठरवलं होतं.

"मिस्टर पिकल्स, उरलेल्यांचं उरकून टाकू," तो म्हणाला. "आत्या आणखी मदतीला यायच्या आत."

"उरकू दे बाई," आत्या म्हणाली. "मी हात धुतले."

*

आम्ही पुन्हा टेबलाभोवती बसलो. बाहेर अजून उजेड होता. मिस्टर पिकल्सनी पहिली वही समोर ओढली. कार्डांचे कोपरे बाबांनी कागदाच्या छोट्या त्रिकोणांत बसवले होते, घरी कापलेल्या, थोड्या वाकड्या. मिस्टर पिकल्सनी चिमट्यानं एक त्रिकोण उचकटला. तो टचकन सुटला.

मी त्यांना ओळखत होते. ते हे काम चांगलं करणार होते. वसंतापर्यंत पेटी गावात फिरली असती, कुणी गाढवं घेतली असती, कुणी धक्के. कुणीतरी पान उलटताना "हा बिचारा विल्फ" म्हणून टिचकी मारली असती. यात काही वाईट नव्हतं. बाबांना ते आवडलंही असतं.

दुसरा त्रिकोण सुटला.

"थांबा," मी म्हणाले.

मिस्टर पिकल्स थांबले. "अंगावर सांडलं का काही?"

"चहा हवाय तिला," आत्या म्हणाली. "मघाशी राहिलाच."

"मला चहा नको. मला ती हवी आहेत."

"कुठली?" कीथनं विचारलं.

"सगळी."

मॉरीन माझ्याकडे अशी बघत होती की जणू फळीनं तिला वेळ विचारली.

"सगळी?" कीथ म्हणाला. "हेस्टर, तुझ्या खोलीत तू पुस्तकांवरून उड्या मारत पलंगापर्यंत जातेस. ठेवणार कुठे?"

"पुस्तकं काढीन."

"पुस्तकं काढशील!" आत्या म्हणाली. "डॉक्टरला बोलवा."

"मिस्टर पिकल्स, मला माफ करा. तुम्ही पेटी घेऊन आलात."

"अहो, पेटीचं काय एवढं," ते म्हणाले, आणि त्यांनी चिमटा खाली ठेवला. "पण विल्फ तर म्हणाला होता..."

"त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं."

कीथच्या कपाळावर आठी आली. तो रागावला नव्हता; काहीतरी जुळवून बघत होता. "आठवडाभर आपण याबद्दल बोलतोय, तेव्हा का नाही म्हणालीस? मघाशी त्यांनी सरळ विचारलं, तेव्हा?"

"मला येत नाही," मी म्हणाले. "तुम्हा सगळ्यांना येतं तसं."

आत्या पुढे झुकली. तिच्या हातांना अजून जांभळी झाक होती. ती कधी नव्हे ते थट्टा सोडून बोलली.

"पण पोरी, त्यात आहे काय? कुणाकुणाच्या छत्र्या, कुणाकुणाच्या मावश्या. चांगलं एक तिकीट नाही त्यात. विल्फलासुद्धा माहीत होतं ते. कशाला हवीत तुला?"

चांगली नव्हतीच. बुधवारी मी त्यांची टिंगल करायचे, बाबा माझी करायचे, आणि दोघांनाही वाटायचं की तेवढं पुरे आहे. मला उत्तर सापडायला वेळ लागला. सगळे वाट बघत होते, आणि एकदाही कुणी मध्ये बोललं नाही. आमच्या घरात असं यापूर्वी झालेलं मला आठवत नाही.

"मला बाबा आवडायचे, आत्या," मी म्हणाले. "फार आवडायचे."